समुद्राला कूप नसतो

परतवाड्याच्या लाकूड डेपोत लिलावाच्या दिवशी एकदा फिरून यावं. मेळघाटातून आलेलं सागवान थप्प्या लावून ठेवलेलं असतं. प्रत्येक नगावर आकडे असतात आणि खात्याच्या हातोड्याचा ठसा असतो. लांबी किती, गोलाई किती, हे मोजून वहीत चढलेलं असतं. व्यापारी टोकावर नख घासून रंग बघतात, गाठ बघतात आणि मग बोली बोलतात. आम्ही परतवाड्याची पोरं हे बघतच मोठी झालो. त्यामुळे झाड म्हटलं की आधी मोजमाप आणि मग तोड, हा क्रम आमच्या डोक्यात पक्का बसलेला. मोजमाप चुकवून चोरटी तोड करणारेही आम्हाला ठाऊक होते. पण त्याला चोरी म्हणतात, हे लहान पोरालाही कळत होतं.

दिवाळी अंकासाठी मासेमारी करणाऱ्या ट्रॉलरवर लिहायचं ठरलं तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, “समुद्र काय आपल्या परतवाड्यात हाये का बावा?” प्रश्न रास्त होता. आमच्याकडचा मासा म्हणजे धरणातला रोहू, कटला, नाहीतर नदीवर भोयांच्या जाळ्यात आलेला. समुद्राचा मासा बाजारात भेटतो तो बहुतेक सुकलेला, म्हणजे बोंबील, सुकट, जवळा. तरीही अंबा एक्स्प्रेसनं मुंबई गाठली आणि कुलाब्याच्या ससून डॉकवर उभा राहिलो. समुद्राशी आपलं नातं वाटतं त्यापेक्षा जुनं आहे, हे तिथं उमगलं. त्या नात्याची सुरुवात माशापासून नव्हे, कापसापासून होते.

कापसाची गोदी

ससून डॉक १८७५ सालची. बगदादहून मुंबईत आलेल्या ज्यू व्यापारी घराण्यातल्या अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांच्या पेढीनं समुद्रात भराव घालून ती बांधली. भरती-ओहोटीची पर्वा न करता जहाज आत आणून उभं करता येईल अशी पश्चिम भारतातली ही पहिली गोदी. ती मासळीसाठी बांधलेली नव्हती. तो काळ कापसाचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. खामगाव, अकोला, अमरावतीच्या गाठी आगगाडीनं मुंबईत येऊ लागल्या. कापसाचा तेव्हाचा बाजार कुलाब्यालाच होता, उघड्या मैदानावर गाठींचे डोंगर लागत. आज ‘कॉटन ग्रीन’ म्हटलं की शिवडीकडचं स्टेशन आठवतं, पण बाजार तिकडे गेला तो विसाव्या शतकात. त्याआधीचा कॉटन ग्रीन कुलाब्यात होता आणि ससून डॉक त्याच कुलाब्यात बांधली गेली.

परतवाड्याला या साखळीत थोडी उशिरा जागा मिळाली. परतवाड्याला लागून असलेल्या अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी, आपली ‘शकुंतला’, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात धावू लागली. तिचा कारभार किलिक निक्सन ही मुंबईची कंपनी पाहत असे. अचलपुरात चढलेली गाठ मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत जायची आणि तिथून मुंबईला. म्हणजे परतवाड्याहून समुद्राकडे जाणारी वाट होतीच, फक्त तिच्यावरून कापूस जात होता. आता ती गाडीही थांबली आहे.

ससून डॉकच्या नशिबी कापूस फार काळ टिकला नाही. सरकारनं १८७९ मध्ये ती विकत घेऊन पोर्ट ट्रस्टच्या हवाली केली. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि पुढे व्हिक्टोरिया डॉक उघडल्या. मोठा व्यापार तिकडे सरकला आणि कुलाब्याच्या या जुन्या गोदीत मासेमारीच्या होड्या शिरल्या. गोदी बांधणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव तेवढं राहिलं.

पहाटेची गोदी

उजाडायच्या आधी तिथं जावं. दगडी धक्क्याला ट्रॉलर एकाला एक चिकटून उभे असतात. आतल्या रांगेतल्या बोटीचा माल बाकीच्या बोटींवरून हातोहात धक्क्यावर येतो. प्लास्टिकच्या टोपल्या हवेतून फेकल्या जातात आणि खालचा माणूस त्या न पाहताही झेलतो. बर्फ फोडायचा आवाज, डिझेलचा वास, पायाखाली सगळं निसरडं. कोळणी लिलावाला उभ्या असतात. त्यांच्या बोलण्याचा वेग परतवाड्याच्या डेपोतल्या बोलीच्या दुप्पट. एका कडेला कोळंबी सोलणाऱ्या बाया ओळीनं बसलेल्या. गोदी मुंबईची असली, तरी इथलं मनुष्यबळ अनेक प्रांतांतलं आहे.

आमच्या डेपोशी तुलना करायचा मोह आवरेना. इथंही थप्पी, इथंही बोली, इथंही जाणकार डोळे. फरक एकच दिसला. आमच्याकडे लिलावाच्या आधी जंगलात शिरून प्रत्येक झाडाची मोजणी झालेली असते. इथं मासळीची पहिली मोजणी होते ती धक्क्यावर, ती मेल्यानंतर.

जाळं मागे लागतं तेव्हा

ट्रॉलर म्हणजे नेमकं काय, हे आम्हा वऱ्हाडी माणसांना सांगायला हवं. कोळ्यांची जुनी पद्धत डोलीची. लांब पिशवीसारखं जाळं समुद्रात एका जागी बांधून ठेवायचं, भरती-ओहोटीचा ओघ मासळी आणून त्यात सोडतो. जाळं जागेवर, मासा चालता. ट्रॉलरनं हे उलटं केलं. त्याचं जाळं बोटीच्या मागे ओढलं जातं आणि मासळीच्या मागे लागतं. जाळ्याच्या दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात. बोट चालू लागली की पाण्याच्या दाबानं त्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि जाळ्याचं तोंड उघडं राहतं. खालच्या दोरीला वजन लावलेलं असतं, ती तळ घासत जाते. वरच्या दोरीला तरंगे असतात. बोट ताशी तीन-चार सागरी मैलांच्या वेगानं, म्हणजे माणूस झपाझप चालेल तेवढ्या वेगानं, तासन्‌तास ओढत राहते. सगळं शेवटच्या पिशवीत जमा होतं. मग यंत्राचा रहाट ती वर घेतो, गाठ सुटते आणि डेकवर ढीग पडतो.

तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आणि खलाशी एका फेरीसाठी कित्येक दिवस बाहेर असतात. बर्फ, डिझेल आणि शिधा भरून निघायचं आणि बर्फ संपायच्या आत परतायचं. यातल्या बहुतेक बोटींना आपण ‘खोल समुद्रातला ट्रॉलर’ म्हणतो, पण सरकारी व्याख्येप्रमाणे खोल समुद्रातली बोट म्हणजे २० मीटर किंवा त्याहून लांब. आपल्या लाकडी आणि फायबरच्या पुष्कळ बोटी त्याहून लहान असतात.

हे सगळं मुंबईत का वाढलं, याचं उत्तर तळाशी आहे. मुंबई आणि सौराष्ट्रासमोर समुद्राचा उथळ तळ दूरवर, सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. भारताच्या किनाऱ्यावर इतका रुंद उंबरठा दुसरीकडे नाही. सपाट आणि चिखलाचा. ओढत न्यायच्या जाळ्याला याहून सोयीची जमीन कुठली?

आधी आला तो मोजायला

या बंदराच्या इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही, की मुंबईच्या समुद्रात सुरुवातीचे ट्रॉलर मासळी पकडण्यापेक्षा ती आहे की नाही हे बघायला आले होते. ‘विल्यम कॅरिक’ नावाचा वाफेवरचा ट्रॉलर मुंबई सरकारनं १९२१ मध्ये आणला. मुंबईच्या आसपास त्यानं जाळं ओढून पाहिलं. खर्च निघेना, म्हणून १९२२ मध्ये प्रयोग गुंडाळला. त्याआधी १९०८-०९ मध्ये बंगालच्या उपसागरात ‘गोल्डन क्राउन’ फिरला होता आणि पुढे मद्रासच्या बाजूला ‘लेडी गोशेन’ फिरला. साहेबाची यंत्रं आपल्या समुद्राची चाचपणी करत होती, पण बर्फ, बाजार आणि वाहतूक नसेल तर एवढी मासळी घेऊन करायचं काय, हा प्रश्न तेव्हा सुटला नाही.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा देशात अन्नाची टंचाई होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी होती. धान्याबरोबर समुद्रातूनही अन्न काढावं म्हणून १९४६ मध्ये मुंबईत डीप सी फिशिंग स्टेशन सुरू झालं. १९७४ मध्ये त्याचं नाव बदललं आणि १९८३ मध्ये ते भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण झालं. त्याचं मुख्यालय आजही मुंबईतच आहे. सुरुवातीच्या वर्षांत ‘अशोक’ आणि ‘प्रताप’ ही त्याची जहाजं होती. १९५१-५२ मध्ये जपानचा ‘तायो मारू क्रमांक १७’ मुंबईसमोर जाळं ओढून गेला. पन्नासच्या दशकात एका खासगी कंपनीचे ट्रॉलर जोडीनं चालत, म्हणजे एकच जाळं दोन बोटींनी ओढायचं. त्या बोटींना ‘अर्नाळा’, ‘सातपाटी’ अशी आपल्याच किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांची नावं दिलेली होती. या फेऱ्यांत कुठल्या पट्ट्यात कोणती मासळी किती मिळाली, हे शास्त्रज्ञांनी नोंदवलं. घोळ, दाढा, वाम, करकरा. आजच्या मुंबईला त्यातली कितीतरी नावं फक्त महागड्या हॉटेलात आठवतात.

मग कोळंबीचा काळ आला. नॉर्वेच्या मदतीनं केरळात १९५२-५३ पासून एक प्रकल्प चालू होता. तिथल्या बोटींना कोळंबीचा शोध लागला आणि ती गोठवून अमेरिका-जपानला जाऊ लागली. साठच्या दशकापासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक ट्रॉलरची गर्दी वाढत गेली. ससून डॉक, भाऊचा धक्का, वर्सोवा, खाली रत्नागिरीचं मिरकरवाडा, वर गुजरातचं वेरावळ. कोळंबी लहान, म्हणून जाळ्याची भोकं लहान. भोकं लहान, म्हणून त्यातून काहीच सुटेना. पिल्लं, अंडी घालायला आलेल्या माद्या, तळाचे जीव, सगळं वर येऊ लागलं. त्यातलं जे बाजारात चालत नाही त्याला ‘कुटा’ म्हणतात. पूर्वी तो फेकून देत. आता त्याचं फिशमील होतं आणि ते कोंबडी-माशांच्या खाद्यात जातं. चिकनच्या ताटातही समुद्राचा वाटा असतो तो असा.

ही तक्रार नवी नव्हे

तळ घासणाऱ्या जाळ्याविरुद्धची तक्रार आपल्याकडच्या पर्यावरणवाल्यांनी उठवली असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं इंग्लंडचा इतिहास वाचावा. १३७६ मध्ये राजा तिसऱ्या एडवर्डकडे अर्ज गेला होता. तळ घासणाऱ्या नव्या जाळ्यामुळे लहान मासळीही सापडते आणि समुद्रतळाची नासाडी होते, असं त्यात म्हटलं होतं. १८८१ मध्ये इंग्लंडमध्ये खास ट्रॉलर म्हणून बांधलेलं वाफेचं जहाज उतरलं. त्यानंतर उत्तर समुद्रात जे झालं, ते पहिल्या महायुद्धानं उलगडून दाखवलं. युद्धामुळे मासेमारी थांबली आणि चार वर्षांनी बोटी पुन्हा गेल्या तेव्हा मासळी वाढलेली आढळली. विश्रांती दिली की समुद्र भरतो, हा धडा तिथं मिळाला. तो फार काळ लक्षात राहिला नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये कॉड मासळी इतकी खलास झाली की १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली. हजारो माणसं एका दिवसात बेकार झाली. ती बंदी उठायला ३२ वर्षं लागली.

भारतातही भांडण लवकर पेटलं. गोव्यात रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मासेमारांनी, सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध आंदोलन केलं. १९८१ मध्ये महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. किनाऱ्याजवळचा पट्टा लहान मासेमारांसाठी राखावा, हा त्यातला मुख्य विचार. १९९१ मध्ये केंद्रानं परदेशी कंपन्यांच्या भागीदारीतल्या मोठ्या जहाजांना दार उघडलं. तेव्हा ट्रॉलरवाले आणि होडीवाले, एरवी एकमेकांचे वैरी, एकत्र आले. १९९४ आणि १९९६ मध्ये देशभर मासेमारांचे बंद झाले. पी. मुरारी यांच्या समितीनं १९९६ मध्ये दिलेला अहवाल मासेमारांच्या बाजूनं होता. परंतु समुद्राकडे बघायची आपली नजर तेवढ्यानं बदलली नाही. जाळी मोठी झाली, थव्याला वेढा घालणारी पर्ससीन जाळी आली, रात्री एलईडीचे झोत टाकून मासळी गोळा करणं सुरू झालं. २०१६ मध्ये महाराष्ट्रानं डॉ. सोमवंशी यांच्या समितीच्या शिफारशींवरून पर्ससीनवर निर्बंध घातले. २०१७ मध्ये केंद्रानं एलईडीच्या आणि जोडीनं ट्रॉलिंग करण्याच्या पद्धतीवर बंदी आणली. म्हणजे ‘अर्नाळा’ आणि ‘सातपाटी’ या जोडबोटींनी पन्नासच्या दशकात जी पद्धत रुजवली, ती साठेक वर्षांनी बेकायदा ठरली.

बिच्छनचं पाणी

परतीच्या गाडीत एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. परतवाड्याजवळून सातपुड्यातून उतरणाऱ्या बिच्छन आणि सापन नद्या वाहतात. त्यांचं पाणी पुढे पूर्णेला जातं. पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे डुमसजवळ समुद्राला. म्हणजे आमच्या वावरातला पावसाळ्यात वाहून जाणारा काळा गाळ शेवटी खंभातच्या आखाताच्या तोंडाशी पोचत होता. गुजरातेतल्या जाफराबादपासून उत्तर महाराष्ट्रापर्यंतच्या याच गढूळ, जोरदार भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बोंबील भरभरून मिळतो. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर तो लटकवून वाळवतात आणि वाळलेला बोंबील फिरत फिरत वऱ्हाडातल्या आठवडी बाजारात येतो. आमची माती समुद्रात जाते आणि त्या समुद्राची मासळी आमच्याकडे येते.

मध्ये धरणं आली. तापीवर उकाई १९७२ मध्ये पुरं झालं, पूर्णा-तापीच्या संगमाखाली हतनूर आहे, सापनवर आमच्या वझ्झरला धरण आहे. धरणांत रोहू-कटल्याचं मत्स्यबीज सोडलं जातं आणि मोठी झालेली मासळी भोयांच्या संस्था पकडतात. ती मासळी मोजता येते, कारण तिची बोटुकली मोजून सोडलेली असतात. समुद्रात बोटुकली सोडणारं कुणी नसतं.

कूप

मेळघाटात इंग्रज वनखात्यानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगल राखीव करायला सुरुवात केली. जंगलाचे तुकडे पाडले, त्याला कूप म्हणतात. यंदा हा कूप तोडायचा, पुढच्या वर्षी तो, आणि पहिल्या कुपात परत यायचं तर कित्येक वर्षांनी. झाडं वाढायला जेवढा वेळ लागतो, तेवढं थांबायचं. या पद्धतीत अन्यायही झाला. कोरकू आदिवासींच्या वाटा अडल्या, त्यांचं रान त्यांच्यासाठी परकं झालं. १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाल्यावर तो प्रश्न आणखी गुंतला. त्याबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल. तरीही एक गोष्ट वनखात्याला उमगली होती. जे झाड तोडायचं त्याचं वय ठाऊक असल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही.

समुद्राला कूप नसतो. मासळी सीमा मानत नाही आणि बोटीही मानत नाहीत. म्हणूनच समुद्रात कूप पाडता येत नसेल, तर काळाचा कूप पाडावा लागतो. कोळ्यांनी तो पूर्वी पाडलेला होता. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून समुद्रात उतरायचं. आताच्या कायद्यात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी आहे. मासळी पोसण्याचे ते दिवस. दुसरा कूप मापाचा. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवली, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. त्याच वर्षी रुपेरी पापलेट राज्यमासा झाला. एखाद्या माशाला मान द्यावा आणि त्याच वेळी त्याची पिल्लं बाजारात विकली जाऊ नयेत म्हणून नियम करावा लागावा, यात आपल्या समुद्राची सगळी गोष्ट आली.

नियम धक्क्यावर पाळला जाईल की नाही, हे एकट्या तांडेलाच्या हाती नाही. डिझेल आणि बर्फाचा खर्च उभा करायचा असतो, मालकाची उचल फेडायची असते, आणि बाजूची बोट पिल्लंही घेऊन आलेली असते. आपण नाही पकडलं तर दुसरा पकडेल, हे गणित त्याच्या डोक्यात आहे. ते चुकीचं आहे, असं त्याला धक्क्यावर उभं राहून सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. विल्यम कॅरिकपासून तायो मारूपर्यंतची जहाजं मोजायला आली आणि मोजणीचा आकडा हाती आल्यावर आपण सगळ्यांनी त्यात किती पकडायचं तेवढंच वाचलं. त्या आकड्यांतला दुसरा अर्थ, म्हणजे किती ठेवायचं, तो कुणी वाचलाच नाही. त्यात बाजारातलं गिऱ्हाईकही आलं, म्हणजे आम्हीही आलो.

परतवाड्यात आता बर्फाच्या खोक्यांतून पापलेटही येतं. आम्ही ते कौतुकानं घेतो. तर एवढंच करा. पुढच्या वेळी पापलेट घेताना हाताची वीत लावून पाहा. वितीपेक्षा लहान असेल तर तिथंच ठेवा, आणि का ठेवलं ते विकणाऱ्याला सांगा. सागवानाचा नग मोजल्याशिवाय घ्यायचा नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. माशालाही तेवढीच वीत लावायची आहे.